प्रस्तावना : आधी पाहावे, मग मोजावे, मगच फवारावे

हिरवळीचे पीक बाजारात जात नाही. माणसांनी तिच्यावर खेळावे, बसावे, चालावे एवढ्यासाठीच ती जोपासायची असते. क्रिकेटचे मैदान, गोल्फचे ग्रीन, महालक्ष्मीच्या रेसकोर्सवरची धावपट्टी, शाळेचे पटांगण, महापालिकेची बाग, सोसायटीचे लॉन आणि शहराबाहेरच्या रस्त्यांना ओळीने उभी राहिलेली लग्नाची लॉन्स, या सर्व ठिकाणी गवत हेच पीक आणि त्यावरचा वावर हाच त्याचा उपभोग. म्हणून इथे वापरलेल्या कीडनाशकाचा हिशेब शेतातल्या हिशेबाहून वेगळा मांडावा लागतो. द्राक्षावरची शेवटची फवारणी आणि तोडणी यांच्यात ठरावीक दिवसांचे अंतर ठेवता येते. हिरवळीला तशी उसंत सहसा मिळत नाही. सकाळी फवारलेल्या गवतावर संध्याकाळी मुले लोळतात, दुसऱ्या दिवशी पहाटे दवावरून लोक अनवाणी चालतात आणि भाद्रपदात त्याच गवतातून कोणीतरी गणपतीसाठी दूर्वा खुडून नेते.

हिरवळीवरील कीडनाशकांचा सुरक्षित आणि परिणामकारक वापर हा या पुस्तकाचा विषय. सुरक्षितता आणि परिणाम या दोहोंत वैर आहे असे धरून चालण्याची सवय आपल्याला लागली आहे. औषध जेवढे जहाल तेवढा गुण मोठा, आणि जपून वापरले तर गुण थोडा, हा समज औषधाच्या दुकानदारापासून क्लबच्या सचिवापर्यंत सगळीकडे आढळतो. हे पुस्तक त्या समजाविरुद्ध उभे आहे. चुकीच्या निदानावर, चुकीच्या वेळी किंवा चुकीच्या मापाने मारलेले औषध कीड सोडून बाकी सगळ्यांपर्यंत पोचते. त्यात फवारणारा माळी पहिला. उलट, किडीची ओळख, तिची नाजूक अवस्था आणि औषधाचे नेमके माप ज्याला कळले त्याला औषध कमी लागते आणि अनेकदा लागतही नाही. सुरक्षितता आणि परिणाम ही एकाच शिस्तीची फळे आहेत, हे या पुस्तकाचे मुख्य म्हणणे.

या क्षेत्रात नव्याने येणाऱ्याने आधी गवत ओळखावे. आपल्याकडच्या बहुतेक मैदानांचा आधार हरळी. शेतकरी जिला पिढ्यान्‌पिढ्या वेचून बांधावर टाकत आला, तीच मैदानावर सर्वांत भरवशाची ठरते. तुडवली, छाटली, उन्हाने करपली तरी ती पुन्हा फुटते. अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात टिफ्टन इथे ग्लेन बर्टन यांनी याच हरळीचा तिच्या आफ्रिकी भाऊबंदाशी संकर केला. 1950 च्या दशकापासून तिथून बाहेर पडलेले वाण आज उष्ण प्रदेशांतल्या असंख्य मैदानांवर आहेत. बंगल्यांच्या आणि सोसायट्यांच्या अंगणात झोयसिया प्रजातीतले दाट, मऊ कोरियन गवत लोकप्रिय आहे. खारे पाणी सोसायचे असेल तर पास्पालम लावतात. प्रत्येक गवताची दुखणी वेगळी आणि एकाला मानवणारे तणनाशक दुसऱ्याला जाळू शकते. त्यामुळे ‘लॉनचे औषध’ नावाची एकच बाटली असू शकत नाही.

या गवताच्या शत्रूंचे चार गट पडतात. पहिला तणांचा: लव्हाळा, आंबुशी, दुधी, केना. दुसरा किडींचा: हुमणी, लष्करी अळी, वाळवी, मुळांवर जगणारे सूत्रकृमी. तिसरा रोगांचा: नाण्याएवढे फिकट ठिपके पाडणारा डॉलर स्पॉट, मोठे तपकिरी चट्टे उठवणारा ब्राउन पॅच, दमट उबदार हवेत एका रात्रीत पसरणारा पिथियम. चौथा शत्रू सजीव नाही, पण माझ्या मते तोच सर्वांत मोठा. साचलेले पाणी, रोलरने दगडासारखी झालेली माती, झाडांची दाट सावली, मशीनचे बोथट पाते, गवताच्या बुंध्याशी साठलेला मेलेल्या काडीकचऱ्याचा थर, हे सारे त्यात येते. बोथट पात्याने गवताची टोके फाटतात, वाळतात आणि दुरून मैदान रोगट दिसू लागते. तिथे बुरशीनाशक मारले तर पैसा जातो, विष पसरते आणि पाते बोथटच राहते.

हिरवळीच्या रोगकिडींचे शास्त्र इतके वाढले कसे, हे समजायला गवत कापण्याच्या यंत्रापासून सुरुवात करावी लागते. 1830 मध्ये इंग्लंडमधल्या स्ट्राउड गावच्या एडविन बडिंग या कारागिराने कापडावरचे तंतू कातरणाऱ्या यंत्रावरून गवत कापण्याचे यंत्र बनवले. तोवर हे काम विळे आणि मेंढ्या करत. यंत्र आल्यावर गवत बुटके आणि एकसारखे ठेवता येऊ लागले, आणि एकसारखेपणा आला तसा त्यातला प्रत्येक डाग नजरेत भरू लागला. गोल्फच्या ग्रीनवर गवत काही मिलिमीटर उंचीचे ठेवतात. एवढे कमी पान उरले की मुळे उथळ होतात आणि रोप सतत ताणाखाली जगते. औषधांची गरज एका मर्यादेपर्यंत आपण स्वतःच या छाटणीतून निर्माण केली, ही गोष्ट या सगळ्या इतिहासाच्या मुळाशी आहे.

विसाव्या शतकाच्या आरंभी हिरवळीचा शास्त्रशुद्ध अभ्यास सुरू झाला. अमेरिकेच्या गोल्फ संघटनेने 1920 मध्ये ‘ग्रीन सेक्शन’ स्थापन केला. ब्रिटनमध्ये 1929 पासून यॉर्कशायरमधल्या बिंगली इथे संशोधन केंद्र चालू लागले. त्या काळची औषधे धातूंची होती. मोरचूद-चुन्याचे बोर्डो मिश्रण, बुरशीसाठी पाऱ्याचे क्षार, अळ्यांसाठी आणि गांडुळांसाठी शिशाचे आर्सेनेट. धातू कुजत नाही, विरत नाही. त्या पिढीने ग्रीनवर ओतलेला पारा आणि आर्सेनिक जुन्या गोल्फ मैदानांच्या मातीत अजून सापडतात.

दुसऱ्या महायुद्धानंतर रसायनशास्त्राने नवी हत्यारे दिली. 2,4-डी हे तणनाशक रुंद पानांची झाडे मारते आणि गवत सोडते. हिरवळीच्या दृष्टीने ही मोठीच सोय होती. पण तिची एक किंमत पडली. तोवर पाश्चात्त्य लॉनच्या बियाण्यात क्लोव्हर मुद्दाम मिसळत, कारण ते हवेतला नत्र जमिनीत बांधते. 2,4-डीपुढे क्लोव्हर टिकेना, म्हणून तेच तण ठरले आणि त्याने फुकट दिलेला नत्र आता पोत्यातून विकत घ्यावा लागला. कीटकनाशकांत डीडीटी आणि क्लोर्डेन आले. क्लोर्डेन एकदा टाकले की वर्षानुवर्षे हुमणी होत नसे, आणि त्याचा हाच टिकाऊपणा पुढे त्याच्यावरचा मुख्य आरोप ठरला. भारतातही ते आता बंद आहे.

1962 मध्ये रेचल कार्सन यांचे ‘सायलेंट स्प्रिंग’ प्रसिद्ध झाले. त्यातला एक महत्त्वाचा भाग विद्यापीठाच्या आवारातला आहे. मिशिगनमध्ये एल्म वृक्षांवर डीडीटी फवारले गेले, पाने गळून मातीत मिसळली, गांडुळांनी ती खाल्ली आणि ती गांडुळे खाऊन रॉबिन पक्षी मेले. पुढे 1984 मध्ये न्यू यॉर्कजवळच्या एका गोल्फ मैदानावर डायझिनॉन टाकलेले गवत चरून शेकडो ब्रँट हंस मेले. 1980 च्या दशकाच्या शेवटी अमेरिकेने गोल्फ मैदानांवर डायझिनॉनचा वापर थांबवला. आपल्याकडे त्यावर बंदी यायला 2018 उजाडले.

तोवर आंतरप्रवाही बुरशीनाशके आली होती. ती रोपाच्या आत शिरतात, म्हणून फवारणी धुपली तरी काम चालू राहते. पण बुरशीच्या एकाच नाजूक जागी घाव घालणाऱ्या या औषधांना बुरशी लवकर सरावली. बेनोमिलच्या गटाला न जुमानणारा डॉलर स्पॉट 1970 च्या दशकातच दिसू लागला. आपल्या ओळखीचे कार्बेन्डाझिम याच गटातले. दर पंधरवड्याला तेच औषध मारणारा माळी नकळत त्या औषधाला पुरून उरणारी बुरशी निवडून वाढवत असतो. तिथे मात्रा वाढवून काही साधत नाही. औषधाचा गट बदलावा लागतो, आणि दुकानात नुसते ब्रँडचे नाव बदलून मागितले म्हणजे गट बदलत नाही.

या इतिहासातून विचारांचे चार प्रवाह निघाले. पहिला वेळापत्रकाचा: कीड असो वा नसो, ठरलेल्या तारखेला फवारणी. मोठ्या सामन्याच्या आधी मैदानावर अजूनही हेच चालते, कारण दोष येण्याची भीती सर्वांनाच असते. दुसरा प्रवाह एकात्मिक कीड व्यवस्थापनाचा. 1959 मध्ये कॅलिफोर्नियातल्या स्टर्न आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आर्थिक नुकसानीच्या पातळीची कल्पना मांडली: किडीने होणारे नुकसान उपायाच्या खर्चापेक्षा जास्त होणार असेल तेव्हाच उपाय करावा. तिसरा प्रवाह मशागतीचा. योग्य गवत, योग्य उंची, हवा खेळती माती आणि पहाटेचे पाणी दिले की रोग मुळातच कमी, असे तो मानतो. चौथा बंदीचा. कॅनडातल्या हडसन या छोट्या गावाने 1991 मध्ये केवळ शोभेसाठी होणाऱ्या फवारणीला मनाई केली आणि तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने 2001 मध्ये गावाचा तो अधिकार मान्य केला. ओंटारिओ प्रांताने 2009 मध्ये तशीच बंदी आणली. फ्रान्सने 2017 पासून सार्वजनिक बागांतली रासायनिक फवारणी थांबवली.

हे पुस्तक दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रवाहाच्या संगमावर उभे आहे आणि चौथ्याचा प्रश्न गंभीरपणे घेते. कापसाच्या शेतात बोंडअळी सोडून दिली तर कुटुंबाचे वर्ष बुडते. लॉनवर आंबुशी राहिली तर कोणाचे काय बुडते? हिरवळीवरच्या बहुतेक किडी आणि तणे फक्त रूप बिघडवतात. तेव्हा इथे नुकसानीची पातळी शेतापेक्षा वर धरायला हवी आणि बागेत, शाळेत, लहान मुलांच्या वावराच्या जागी तर फारच वर. खेळपट्टीजवळ हुमणीने मुळे खाल्ल्याने गवत गालिच्यासारखे सुटून येत असेल, तर खेळाडूचा गुडघा धोक्यात असतो आणि तिथे उपाय करणे भागच आहे. दोन्ही ठिकाणी एकच नियम लावता येत नाही.

हुमणीचेच उदाहरण पुढे नेतो, कारण या पुस्तकाचा सारा विचार तिच्यात सापडतो. वळवाचा पाऊस पडला की भुंगेरे जमिनीतून बाहेर येतात आणि संध्याकाळी कडुनिंब-बाभळीवर पाला खायला जमतात. माद्या मातीत अंडी घालतात. त्यांतून निघालेल्या लहान अळ्या आधी कुजके सेंद्रिय द्रव्य आणि कोवळी मुळे खातात, तेव्हा त्या नाजूक असतात. ऑगस्ट-सप्टेंबरपर्यंत त्या जाड, खादाड आणि चिवट होतात. पिवळे पडलेले गवत आपल्याला दिसते तेही तेव्हाच. बहुतेक फवारण्या याच वेळी होतात आणि बहुतेक वाया जातात. मे-जूनमध्ये झाडे हलवून आणि प्रकाश-सापळे लावून भुंगेरे गोळा केले, जुलैत गवताचा चौरस फुटाचा तुकडा उचलून खाली अळ्या मोजल्या आणि गरज पडली तर मेटारायझियम ही मित्रबुरशी किंवा मंजूर कीटकनाशक त्या वेळी देऊन वरून पाणी सोडले, तर औषध अळीपर्यंत पोचते. पाणी न देता वर पडून राहिलेले दाणेदार औषध अळीला कधीच लागत नाही. ते टिपते मैना, टिटवी किंवा गायबगळा.

मापाचेही तेच. क्रिकेटची खेळपट्टी 20.12 मीटर लांब आणि 3.05 मीटर रुंद, म्हणजे सुमारे 61 चौरस मीटर. एखाद्या औषधाची शिफारस हेक्टरी 1 लिटर असेल, तर अख्ख्या खेळपट्टीला 6 मिलिलिटर पुरते. डब्याच्या टोपणाने अंदाजे ओतले की मात्रा सहज कित्येक पट होते. म्हणून माळ्याने आधी आपला पंप तपासावा. दोरी लावून 100 चौरस मीटर जागा आखावी, साध्या पाण्याने नेहमीच्या चालीने फवारावे आणि किती पाणी लागले ते मोजावे. 5 लिटर लागले तर 16 लिटरचा पंप 320 चौरस मीटरला पुरेल, आणि हेक्टरी 1 लिटरच्या औषधाचे 32 मिलिलिटर एका पंपात घालावे लागतील. हा हिशेब सातवीच्या गणिताचा आहे. पण तो न केल्यामुळे जेवढे औषध मातीत आणि गटारात जाते, तेवढे क्वचितच दुसऱ्या कशाने जात असेल. नोझल झिजले की तेवढ्याच वेळात जास्त द्रावण पडते, म्हणून हा हिशेब दर हंगामाला पुन्हा करायचा.

रोगांच्या बाबतीत घड्याळ महत्त्वाचे. बुरशीला पान ओले लागते. संध्याकाळी पाणी दिले तर गवत रात्रभर ओले राहते. पहाटे दिले तर दव धुऊन जाते आणि उन्हाने पान लवकर सुकते. एकाच वेळी तिसऱ्या हिश्श्याहून जास्त पान कापू नये, पात्याला धार ठेवावी, घट्ट मातीत भोके पाडून हवा खेळती करावी. यांतल्या कशालाही परवाना लागत नाही, आणि कोणत्याही बुरशीनाशकाचा गुण यांच्यामुळेच वाढतो.

आता कायद्याकडे. आपल्याकडे 1968 चा कीटकनाशक कायदा आणि 1971 चे नियम लागू आहेत. तणनाशके आणि बुरशीनाशकेही त्यांच्या कक्षेत येतात. फरिदाबादच्या केंद्रीय कीटकनाशक मंडळाची नोंदणी समिती प्रत्येक औषध विशिष्ट पिकासाठी आणि विशिष्ट किडीसाठी मंजूर करते. आपली अडचण इथेच सुरू होते. कापूस, भात, ऊस, सोयाबीन यांची नावे लेबलांवर असतात, हिरवळीचे नाव क्वचित दिसते. मग माळी उसाचे औषध लॉनवर वापरतो आणि मात्रा, पुन्हा प्रवेशाची वेळ, मुलांचा संपर्क यांपैकी कशाचेही मार्गदर्शन त्याला मिळत नाही. ही पोकळी माळ्याने तयार केलेली नाही, पण तिचा धोका त्याच्या अंगावर येतो. हिरवळीच्या वापरासाठी तपासलेली आणि नोंदवलेली औषधे उपलब्ध व्हावीत, ही या क्षेत्राची पहिली मागणी असायला हवी.

लेबलावरचा रंगीत त्रिकोण सर्वांना माहीत असतो: लाल, पिवळा, निळा, हिरवा, विषारीपणाच्या उतरत्या क्रमाने. पण तो मुख्यतः तात्काळ विषबाधेचा अंदाज देतो. वर्षानुवर्षे थोडे थोडे अंगावर पडणारे औषध काय करेल, मासे आणि मधमाश्या वाचतील का, हे तो सांगत नाही. हिरव्या त्रिकोणाचे औषध उघड्या हातांनी कालवणे म्हणूनच शहाणपणाचे नाही. डब्यासोबत येणारे घडीपत्रक प्रादेशिक भाषेतही असते. ते फेकून न देता वाचणे, ही या विषयातली पहिली साक्षरता. 2018 मध्ये केंद्र सरकारने बेनोमिल, कार्बारिल, डायझिनॉन, मिथाइल पॅराथिऑन अशी अनेक रसायने बंद केली आणि 2020 अखेर फोरेट, डायक्लोरव्हॉस यांसारखी आणखी काही. मैदानांच्या कोठारांत त्यांतले जुने डबे अजून पडून असतील, तर ते वापरून संपवणे हा बेकायदा आणि घातक मार्ग आहे. 2022 मध्ये ग्लायफोसेटचा वापर कीड नियंत्रण व्यावसायिकांपुरता मर्यादित करण्याचा आदेश निघाला. हे नियम माहीत नसणे आता मैदानाच्या व्यवस्थापकाला परवडणारे नाही.

महाराष्ट्राला या विषयाची जाणीव वेगळ्याने करून द्यावी लागू नये. 2017 च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना शेकडो शेतकरी-शेतमजुरांना विषबाधा झाली आणि वीसहून अधिक माणसे गेली. उंच वाढलेली पऱ्हाटी, दमट उकाडा, जोरदार फवारे, एकत्र कालवलेली औषधे आणि अंगावर साधा सदरा, अशी ती परिस्थिती होती. मैदानावरचा माळी वेगळ्या पिकात उभा असतो, पण पंप तोच, औषधे बहुधा तीच आणि सदराही तोच. शरीरात विष शिरण्याची मुख्य वाट नाक नसून कातडी असते. सर्वांत धोक्याची घटका फवारणीची नसून दाट औषध डब्यातून ओतण्याची आणि कालवण्याची. रुमाल तोंडाला बांधून हात उघडे ठेवणाऱ्या माणसाने चुकीच्या जागी पहारा बसवलेला असतो. रबरी हातमोजे, पूर्ण बाह्या, बुटावरून सोडलेली पँट, चष्मा एवढे किमान. विदर्भातल्या उन्हात जाड पोशाख घालून काम होत नाही हे खरेच आहे. त्यावर उपाय पोशाख टाळण्याचा नसून पहाटे, वारा शांत असताना फवारण्याचा आहे. आणि संध्याकाळी ते कपडे घरी नेऊन धुणाऱ्या बाईच्या हातांचाही विचार याच हिशेबात करायचा. तिने ते वेगळे धुवावेत, आणि शक्य तिथे क्लबने किंवा संस्थेने मैदानावरच ते धुण्याची सोय करावी.

हिरवळीवर येणाऱ्या लोकांसाठीचे नियम साधे आहेत, पण पाळले मात्र जात नाहीत. फवारणी झाली की फलक लावावा: कोणते औषध, कधी, पुन्हा कधी यावे. लेबलावर वेगळी मुदत दिली नसेल तर गवत पूर्ण सुकेपर्यंत तरी कोणी त्यावर जाऊ नये. दवाने पान पुन्हा ओले झाले की त्यावरचा अंश अंगाला अधिक लागतो, म्हणून पहाटे चालणाऱ्यांना हा फलक सर्वांत आधी दिसला पाहिजे. लहान मूल गवताला हात लावते आणि तोच हात तोंडात घालते, त्यामुळे त्याच्यासाठी निकष अधिक कडक हवेत. पाऊस येण्याची चिन्हे असताना फवारू नये. धुपलेले औषध पावसाळी गटारातून थेट नदी-खाडीत जाते. रिकामा डबा तीन वेळा धुऊन ते पाणी पंपातच घ्यावे आणि डबा फोडून टाकावा, म्हणजे तो कोणाच्या घरी पाण्याला किंवा धान्याला लागणार नाही.

हा विषय आजच मांडण्याची निकड का, याची कारणे आपल्या आसपास आहेत. क्रिकेटचा मोसम आता जवळजवळ बारमाही झाला आहे आणि मैदानाला विसावा उरलेला नाही. थकलेल्या गवतावर रोग लवकर बसतो. गृहसंकुलांच्या जाहिरातींत हिरवळ हा विक्रीचा मुद्दा झाला, आणि तिची निगा कंत्राटावर गेली. कंत्राटात हिरवेपणाची अट असते, फवारणीच्या नोंदवहीची नसते. पाऊस बेभरवशाचा झाल्याने जुन्या अनुभवाची वेळापत्रके चुकू लागली आहेत. आणि या सगळ्यांत मराठीतून शिकवणारे साहित्य फार थोडे आहे. इंग्रजीतली पुस्तके थंड हवेच्या गवतांसाठी आणि तिथल्या नोंदणीकृत औषधांसाठी लिहिलेली आहेत. त्यांतली शिफारस जशीच्या तशी उचलणे चुकीचे आणि कधी कधी बेकायदा ठरते.

या पुस्तकाने काय करायचे ठरवले तेही सांगायला हवे. पाने उलटली की औषधांची नावे आणि मात्रांची यादी मिळेल, अशी अपेक्षा ठेवणाऱ्याची इथे निराशा होईल. याद्या दरवर्षी बदलतात, बंदीचे आदेश निघतात, आणि जुनी यादी हातात धरून फवारणारा माणूस धोक्यात येतो. पुस्तकाचा भर निर्णयाच्या पद्धतीवर आहे: डाग दिसला की काय पाहायचे, काय मोजायचे, कोणते प्रश्न विचारायचे, आणि औषध लागणारच असेल तर लेबल कसे वाचायचे, पंप कसा तपासायचा, नोंद कशी ठेवायची. शेतातली हुमणी आणि स्टेडियममधली हुमणी यांच्याकडे एकाच अभ्यासू नजरेने पाहायला ते शिकवते, आणि उपाय ठरवताना मात्र दोन जागांतला फरक विसरू देत नाही. जैविक उपायांबद्दल त्यात उत्साह आहे, भाबडेपणा नाही. मित्रबुरशीलाही ओलावा, सावली आणि योग्य मुदत लागते, आणि कडुनिंबाचा अर्कही मापानेच वापरायचा असतो.

हे पुस्तक प्रथम माळ्यांसाठी, मैदान कर्मचाऱ्यांसाठी आणि क्युरेटरसाठी आहे. त्यांच्या हातातले ज्ञान फार मोठे आहे. कोणत्या कोपऱ्यात पाणी मुरत नाही, कोणत्या आठवड्यात भुंगेरे निघतात, हे त्यांना कोणत्याही तज्ज्ञाआधी कळते. त्या ज्ञानाला नोंदींची आणि मोजमापाची जोड मिळावी, एवढाच प्रयत्न आहे. पण ज्यांच्या हातात पंप नाही, आदेश आहे, त्यांनीही ते वाचावे: क्लबांचे पदाधिकारी, मुख्याध्यापक, सोसायटीचे सचिव, उद्यान अधीक्षक, निविदा लिहिणारे अभियंते. डागरहित हिरवेपणाचा हट्ट त्यांच्याकडून येतो आणि त्याची शारीरिक किंमत दुसराच मोजतो. पुढच्या निविदेत त्यांनी तीन अटी घालाव्यात: प्रत्येक फवारणीची कारणासह लेखी नोंद, फवारणाऱ्याला प्रशिक्षण आणि संरक्षक साहित्य, आणि फवारलेल्या जागेवर फलक. त्यासाठी नव्या कायद्याची वाट पाहायला नको. एक सही पुरते, आणि ती यंदाच्या पावसाळ्याआधी व्हावी.